लोहगडचा दिवस: परतीच्या लोकलपासून उलटी आखणी

पुण्यातून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या वाटा पुष्कळ आहेत, पण पहिल्यांदाच निघणाऱ्या घरच्या मंडळींना मी लोहगडच सुचवते. लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चढत गायमुख खिंड गाठायची, तिथून लोहगडवाडी आणि मग गडाच्या पायऱ्या. स्वतःची गाडी लागत नाही, वाट ठळक आहे, वाटेत गाव आहे, जेवण मिळतं. वर पोचल्यावर दिसतं ते तर कुणालाही आयुष्यभर पुरावं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे.

वाट सोपी असल्यामुळेच लोक आखणी करत नाहीत, आणि तिथेच फसतात. बहुतेक जण ‘सकाळी किती वाजता निघायचं’ इथून सुरुवात करतात. मी अनेक वर्षं तसंच करत होते. एका नोव्हेंबरात आम्ही सात जण विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या माचीवर, रमलो, उतरायला साडेचार वाजले, आणि खिंडीच्या खाली आलो तोवर मिट्ट काळोख. सात जणांत टॉर्च एक. सोबतच्या काकूंचा पाय मुरगळला आणि शेवटचे दोन किलोमीटर पार करायला आम्हाला दोन तास लागले. वाट तीच होती, सकाळी हसत चढलेली. तेव्हापासून मी आखणी नेहमी शेवटाकडून करते: आधी घरी परतायची वेळ, मग उलटं मोजत निघायची वेळ.

सूर्यास्तापासून मोजायला लागा

पुण्याच्या परिसरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणजे त्याच वाटेवर हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा तासाभराहून जास्त उजेड संध्याकाळी कमी मिळतो. मावळतीच्या निदान अर्धा तास आधी डांबरी रस्त्यावर किंवा स्टेशनात असायचं, हा माझा नियम.

आता चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज. विल्यम नायस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरला जातो. मीटरमध्ये आणला तर तो असा: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मळवली ते गडाचा माथा हे अंतर सुमारे ७ किलोमीटर आणि चढाई साधारण ४०० मीटर. अंतराची दीड तासाला थोडी कमी, चढाईची चाळीस मिनिटं, मिळून दोन तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सरावलेल्या माणसाचा आहे. त्यात पाणी पिणं, फोटो, धाप लागणं काहीच धरलेलं नाही. म्हणून आपल्याकडच्या दगडधोंड्यांच्या वाटांसाठी आणि मिश्र गटासाठी मी त्याची दीडपट करते. झाले तीन तास.

नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या एका दिवसाची उलटी मोजणी अशी होते. साडेपाचला मळवली स्टेशन. त्याआधी अर्धा तास भाजे लेण्यांपासून स्टेशनपर्यंत, म्हणजे लेण्यांतून पाचला निघायचं. लेण्यांना एक तास, म्हणजे चारला तिथे हजर. लोहगडवाडीहून भाज्यापर्यंत उतरायला सव्वा तास, म्हणजे पावणेतीनला वाडी सोडायची. जेवणाला पाऊण तास, म्हणजे दोनला वाडीत. पायऱ्या उतरायला अर्धा तास, म्हणजे गडमाथा दीडला सोडायचा. वर फिरायला दोन तास, म्हणजे साडेअकराला माथ्यावर. चढाईचे तीन तास, म्हणजे साडेआठला मळवली. पुण्याहून लोकलला सव्वा तासाच्या आसपास लागतो, तेव्हा सातच्या सुमारासची लोकल.

यातला ‘दीड’ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो गटातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साडेबारापर्यंत गडाचा पहिला, गणेश दरवाजासुद्धा आला नसेल, तर विंचूकाटा या वेळी राहू द्यायचा, पण दीड हलवायचा नाही. गडावर बसून ‘अजून अर्धा तास’ ठरवताना कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. हवा छान असते, पाय विसावलेले असतात. तो निर्णय घरी, घड्याळ समोर ठेवून घेतलेला बरा.

आणि भाजे लेणी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. बरेच जण ती चढताना उरकतात आणि मग उन्हात चढतात. उतरताना ठेवली की ती तुमच्या दिवसातली राखीव वेळ होतात: सगळं वेळेवर झालं तर पाहायची, उशीर झाला तर तो तास परतीच्या वाटेला मिळतो. शिवाय लेण्यांचं तोंड पश्चिमेकडे आहे, दुपारनंतरचा तिरपा उजेड थेट चैत्यगृहात शिरतो. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली ही लेणी. छताला लावलेल्या लाकडी कमानी तिथे आजही दिसतात. दगडात घर कोरलं, तरी लाकडी घराची सवय कारागिरांच्या हाताला किती पक्की होती ते त्या उजेडात कळतं. तिकिटाची आणि बंद व्हायची वेळ मात्र जाण्याआधी तपासा.

कोणत्या महिन्यात

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी, हे माझं सरळ उत्तर. त्यातही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य मला सर्वांत आवडतो. पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि उतारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग पसरलेला असतो.

मार्च ते मे जायचं तर पहाटे निघून अकराच्या आत खाली उतरा. खिंडीच्या रस्त्यावर सावली फार नाही आणि गडावर तर नाहीच.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्याच्या बाजूला चार हजारांच्या आसपास. लोकलने तासाभराच्या अंतरावर हा फरक आहे. तेव्हा पुण्यात खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर काही ठरवू नका. हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठीचा इशारा वेगळा दिलेला असतो, तो बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द, चर्चा नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी जायला मनाई करतं, ते आदेशही निघायच्या आदल्या दिवशी तपासा.

पावसात खरा धोका वाहत्या पाण्याचा. तुम्ही उभे आहात तिथे रिमझिम असते, पण वरच्या पठारावर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. ते पाणी घळीतून खाली यायला काही मिनिटं पुरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पालापाचोळा-काड्या दिसू लागल्या, आवाज बदलला, की त्या क्षणी बाहेर या आणि वरच्या बाजूला चढा. सामान राहू दे. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचाच नाही. पाऊस थांबला की सह्याद्रीतले ओढे लवकर उतरतातही, तासभर वाट पाहणं परवडतं.

आणि पावसाळी शनिवार-रविवार टाळा. गडाच्या पायऱ्या आणि दरवाजे अरुंद आहेत, ओल्या दगडावर गर्दीत ना पुढे जाता येतं ना मागे. एक रजा खर्च करून बुधवारी गेलात तर तोच गड तुम्हाला वेगळा भेटेल.

वाट कशी आहे

मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. तिथे लोकल थांबतात, एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. स्टेशनातून दक्षिणेकडे निघायचं, द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडायचा आणि भाजे गावात शिरायचं. गावात नाश्त्याची टपरी दिसली तर थांबा, पण पंधरा मिनिटंच.

भाज्यातून रस्ता चढू लागतो. समोर दोन डोंगर दिसतात: डावीकडचा विसापूर, उजवीकडचा लोहगड, आणि दोघांच्या मधली गायमुख खिंड. खिंडीत पोचल्यावर उजवीकडे वळायचं, तो रस्ता लोहगडवाडीत जातो. डावीकडची वाट विसापूरची. ‘इथवर आलोच आहोत तर दोन्ही करू’ हा मोह पहिल्या खेपेला आवरा. विसापूरचा विस्तार मोठा आहे, चढायची वाट दगडांच्या घळीतून जाते आणि पावसात त्याच घळीतून पाणी वाहतं. त्याला स्वतंत्र दिवस द्या.

लोहगडवाडीत शिरल्यावर पहिलं काम जेवण सांगून ठेवणं. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. किती माणसं, किती वाजता, ते नीट सांगा आणि दिलेली वेळ पाळा, भाकरी तुमच्यासाठी चुलीवर पडत असते. काही कारणाने जमणार नसेल तरी पैसे देऊन जा. डोंगर आपल्याला रविवारी आठवतो, ही माणसं तिथे बारा महिने राहतात.

वाडीपासून बांधीव पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात, आणि वाट अशी वळत जाते की खालून येणारा माणूस वरच्या बुरुजांच्या सतत नजरेत राहावा. चढताना हे कळत नाही, दम खायला थांबलात की मागे वळून बघा. १६६४ च्या सुरतेच्या लुटीतली संपत्ती इथे आणली होती असं इतिहास सांगतो. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत घेतला. माथ्यावर लक्ष्मीकोठी आहे, नाना फडणवीसांच्या काळातलं मोठं तळं आहे.

विंचूकाटा म्हणजे गडाची पश्चिमेकडे लांबच लांब गेलेली निमुळती माची. तिथे जायला थोडं उतरून दगडातून जावं लागतं. लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले सोबत असतील तर त्यांना वरूनच बघू दे, दृश्य तिथूनही पूर्ण दिसतं. पलीकडे पवना धरणाचं पाणी, त्याच्या काठाशी तुंग आणि तिकोना. टोकाला वारा फार असतो. कड्याशी पाठ करून फोटो काढणाऱ्यांना हाताला धरून आत घ्या, रागावले तरी चालेल.

सॅकमध्ये काय

एका दिवसाला लागतं ते थोडंच, पण त्यातलं एकही गाळू नका.

पाणी माणशी तीन लिटर. तीन किलो ओझं होतं हे खरं, पण ते वाटेत कमी होत जाणारं ओझं आहे. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. यातली एक बाटली मीठ-साखर-लिंबाची असू दे: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गडावरच्या टाक्यातलं पाणी तसंच पिऊ नका.

प्रत्येकाची स्वतःची टॉर्च. मोबाइलची नाही, डोक्याला बांधायची. उतरताना हात मोकळे लागतात. सातांमागे एक टॉर्च म्हणजे काय होतं ते वर सांगितलंच.

बूट नवे असतील तर आधी दोन आठवडे रोज घालून हिंडा. तळवा रबरी आणि खाचांचा हवा, महागडाच हवा असं नाही. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. हे कुणी सांगत नाही, पण उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात आणि वाढलेलं नख दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं. जीन्स घालू नका. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि मांड्या सोलवटून निघतात. अंगभर सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, टोपी आणि एक कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत.

खायला घरचंच उत्तम. दशम्या, धपाटे, शेंगदाणा-गूळ, राजगिऱ्याची चिक्की, खजूर. काकडी आणि संत्री तर हवीतच, गडावर एकेक फोड अमृतासारखी लागते. तळलेलं आणि चिप्स नकोत, तहान वाढवतात.

औषधात क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, कापूस, जंतुनाशक, आणि ज्याची त्याची रोजची गोळी. दम्याचा पंप किंवा साखरेची गोळी ज्याची आहे त्याच्याच खिशात हवी, आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे आणखी एकाला माहीत हवं. शेवटचं, दोन रिकाम्या पिशव्या कचऱ्यासाठी. एक आपल्यासाठी, एक वाटेत सापडेल त्यासाठी.

मोबाइलवर नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसतानाही चालतो. वाटेत फोन एअरप्लेन मोडवर ठेवलात तर संध्याकाळपर्यंत चार्जिंग टिकतं.

गट आणि चालणं

सहा ते दहा माणसं हा गट मला सोयीचा वाटतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घ्या. तो मागे राहिला की थांबलेल्यांचा आराम होतो आणि तो पोचताच सगळे निघतात, बिचाऱ्याला विश्रांती मिळतच नाही. मागे मात्र वाट माहीत असलेला भिडू हवा, आणि त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. फाट्यावर पुढचा थांबतो, मागचा दिसेपर्यंत वळत नाही. एवढं पाळलं तर चुकामूक होत नाही.

सराव हवा असेल तर पुण्यात टेकड्यांची कमी नाही. दोन-तीन आठवडे पर्वतीच्या १०३ पायऱ्या एकापाठोपाठ तीनदा चढा-उतरा, किंवा सकाळी वेताळ टेकडी करा. चढताना छाती भरते, उतरताना गुडघे बोलतात. उतार हा वेगळा व्यायाम आहे. उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठी असेल तर ती आधी टेकवा.

निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला लिहून द्या: कुठली वाट, कोण कोण, कुठली लोकल, आणि ‘साडेसातपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’. वेळ ठरलेली नसेल तर घरचे रात्री दहापर्यंत नुसतेच काळजी करत बसतात.

काही झालंच तर

किल्ल्यांवर सापापेक्षा मला आग्या मोहळाची धास्ती जास्त वाटते. कड्याच्या कपारीत, लेण्यांच्या छताला मोहळं असतात. उग्र वासाचं अत्तर, धूर, दगड मारणं, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका आणि शक्य तितक्या लांब, पण कड्याच्या विरुद्ध दिशेने निघून जा. खूप डंख झाले, श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर लगेच दवाखाना.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, माणसाला शांत ठेवून उचलून न्या. सापाचं विष उतरवणारी लस दवाखान्यातच मिळते, सापाला मारून किंवा पकडून सोबत न्यायची गरज नसते.

उन्हात कुणी चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, घाम थांबला, तर तो तिथेच सावलीत. कपडे ओले करा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. बरं वाटलं तरी पुढे चढू नका, खालीच चला. बोलणं असंबद्ध झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२. आणि वाडीतल्या माणसांना हाक मारा, सर्वांत आधी तेच पोचतात.

माकडांसमोर खाऊ उघडू नका, प्लास्टिकची पिशवी हातात मिरवू नका.

परतताना

लेण्यांतून निघालात की घाई करू नका, पण रेंगाळूही नका. लोकलचं वेळापत्रक आदल्या रात्री बघितलेलं असू दे. हव्या त्या गाडीबरोबर तिच्यानंतरची गाडीही लिहून ठेवा, दोन लोकलमध्ये कधी कधी बरंच अंतर असतं.

गाडीत जागा मिळाली की बूट सैल करा आणि वही काढा. मळवली किती वाजता सोडलं, खिंड कधी आली, माथा कधी, वाडीतून कधी निघालो, कोण कुठे दमलं, पाणी किती उरलं. आमच्या गटाच्या वहीत लोहगडच्या अशा अकरा नोंदी आहेत. दीडपट हा आकडा मी त्यांतूनच काढला. सासूबाई सोबत असल्या की तो पावणेदोनपट धरते, आणि त्या दिवशी पुण्याहून एक लोकल आधीची घेते.